महिना झाला नाही म्हणे

दुपारी आमच्या यांना एक फोन आला. मला नाही, यांना. नात्यातले वडीलधारे आहेत, म्हणून नाव घेत नाही. म्हणाले, "सूनबाईला जरा समजाव. त्या पोरीची माय जाऊन महिना झाला नाही आणि दोघी रात्री बिअर पीत बसल्या. गल्लीत बोललं जातंय." हे "बरं काका" म्हणाले आणि फोन ठेवला.

गल्लीला कळलं कसं, तर घंटागाडीमुळे. सकाळी सुक्या कचऱ्यात मी चार बाटल्या टाकल्या. कागदात गुंडाळल्या नाहीत, काळ्या पिशवीत घातल्या नाहीत. धुतलेल्या स्वच्छ बाटल्या होत्या, लेबलांसकट. मैत्रिणीनेच जाताना धुवून ओट्यावर पालथ्या घातल्या होत्या. जर्मनीत बिअरची रिकामी काचेची बाटली दुकानात परत केली की आठ सेंट मिळतात, त्यामुळे रिकामी बाटली दिसली की तिचा हात आपोआप नळाकडे जातो. गाडीमागे उभ्या असलेल्या कोणीतरी पाहिलं आणि दुपारपर्यंत ते काकांच्या कानावर गेलं.

आता बोललंच जातंय तर नीट बोलू. अर्धवट कशाला?

आम्ही दोघी अमळनेरच्या शाळेत एका बाकावर. तिचं गाव बोरी नदीच्या काठाला, आमचं त्याच्या अलीकडे. तिची माय ही आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरींची माय होती. दहावीच्या परीक्षेला दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत ती शाळेबाहेरच्या कडुलिंबाखाली फडकं पसरून बसायची. पितळी डब्यात दशम्या, तिळाची चटणी, कांदा. स्वतःच्या पोरीला आधी वाढलं असं मला कधी आठवत नाही. जिचा डबा नाही तिला आधी. मला गणिताच्या पेपरच्या दिवशी रडू कोसळलं होतं तेव्हा तिने मला काहीही समजावलं नाही, नुसता घास भरवला आणि म्हणाली, "खाय पहिले."

ही माय गेली. मुलगी म्युनिकजवळच्या एका वृद्धाश्रमात काम करते. लग्न होऊन गेली होती, नवऱ्याची नोकरी तिकडे. मुलं मोठी झाल्यावर चाळिशीत तिने त्या कामाचं तीन वर्षांचं रीतसर शिक्षण घेतलं, तेही जर्मनमधून. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं ती "फॉरेनला सेटल" आहे. ती तिथे म्हाताऱ्यांना उठवते, अंघोळ घालते, भरवते, रात्री कूस बदलून देते. माय गेली तेव्हा ती रात्रपाळीला होती आणि फोन लॉकरमध्ये होता. सकाळी बघितला तर भावाचे मिस्ड कॉल. म्युनिकहून मुंबई आठ-साडेआठ तासांचं विमान, पुढे रात्रीची रेल्वे. ती पोहोचली तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. थांबवणं शक्य नव्हतं, भावाचंही चुकलं नाही.

मी गंधमुक्तीपर्यंत तिच्याकडे जाऊन-येऊन होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. दारावर येणाऱ्या बाया काय विचारत होत्या? किती वाजता गेल्या. दवाखान्यात किती गेले. तू कधी निघालीस. तिकीट कितीचं पडलं. तिकडे पगार किती, मुलगा काय करतो, त्याचं तिकडच्याच मुलीशी जमवलं का. एक जण तर माझ्या देखत म्हणाली, "तू तिथे लोकांच्या आया सांभाळतेस आणि इथे…" वाक्य पुरं केलं नाही, पण पुरं करायची गरज नव्हती. ही नुसती भिंतीला टेकून बसली होती, पदर डोक्यावर, विचारतील त्याचं उत्तर देत. तिला कोणी विचारलं नाही की तुझी माय कशी होती. त्या घरात शंभर माणसं येऊन गेली असतील आणि मायबद्दल कोणी बोललं नाही.

आणि गंधमुक्तीच्या संध्याकाळी काय झालं तेही सांगते, कारण आज मला राग आलाय. गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले, आणि घरातले-नात्यातले पुरुष खळ्याकडे गेले. गाडीची डिकी उघडी, कागदी ग्लास, शेवेचं पाकीट. सगळ्यांना माहीत होतं. बायका भांडी घासत होत्या आणि म्हणत होत्या, थकलेत बिचारे, बारा दिवस धावपळ. त्या रात्री कोणाच्या बायकोला फोन गेला नाही की तुमच्या यांना समजवा, सुतक फिटलं त्याच रात्री खळ्यात बसलेत. महिन्याचा हिशेब फक्त आम्हा दोघींना लागू आहे का?

दारूने घरं बुडतात, मान्य. महाराष्ट्रात गावोगावी बायकांनी दारूची दुकानं बंद पाडायला मतदान केलंय, आडवी बाटली म्हणजे काय ते मला शिकवू नका.

पण आमची ती संध्याकाळ तसली नव्हती.

ती जायच्या आधी दोन दिवस माझ्याकडे जळगावला राहायला आली. येतानाच म्हणाली, मला तुझ्या घरी स्वयंपाक करायचाय, तू बसून राहायचं. बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेल्या चार बाटल्या काढल्या, अर्ध्या लिटरच्या, गव्हाच्या बिअरच्या. बाहेरून येताना कर न भरता दोन लिटरच आणता येतं, तेवढंच. मूळ त्या तिने भावासाठी आणल्या होत्या का, तर नाही. आई आजारी आहे हे कळल्यावर दिवाळीनंतर यायचं ठरलं होतं तेव्हाच माझ्यासाठी घेऊन ठेवल्या होत्या. मग निघायची वेळ अशी आली. बॅग आधीच अर्धी भरलेली होती, ती तशीच उचलून ती निघाली. आईसाठी घेतलेले लोकरी मोजेही त्याच बॅगेत होते.

आल्या आल्या गावी तिने कोबी चिरून बरणीत घातली होती. किलोला वीस ग्रॅम मीठ, थोडे शहाजिरे, हाताने चुरून पाणी सुटेपर्यंत दाबायची, वर दगड ठेवायचा, तोंडाला फडकं बांधायचं. थंडी होती म्हणून सावकाश आंबली. दारावर आलेल्या बायकांना वाटलं लोणचं घातलंय, आणि सुतकात लोणचं घातलं म्हणून त्याचीही कुजबुज झाली म्हणे. मला नंतर कळलं की तिला बसून राहवत नव्हतं, हाताला काहीतरी काम हवं होतं. आईच्या बरणीत काहीतरी घालायचं होतं. बस, एवढंच.

तर ती बरणी मांडीवर घेऊन ती एसटीने जळगावला आली.

स्वयंपाक बघण्यासारखा होता. श्पेट्झले म्हणून एक प्रकार करतात तिकडे. मैदा, अंडी, थोडं दूध-पाणी, मीठ, असं घट्टसर पीठ हवा भरेपर्यंत फेटायचं. त्याचं तिकडे वेगळं यंत्र मिळतं. ती म्हणाली, तुझा बुंदीचा झारा दे. उकळत्या पाण्यावर झारा धरला, पीठ ओतलं, उलथण्याने दाबत गेली आणि खाली पाण्यात वाकडेतिकडे तुकडे पडले. वर तरंगले की काढायचे. मग कढईत लोण्यावर परतून किसलेलं चीज, आणि वर लालबुंद तळलेला कांदा. बटाट्याची कोशिंबीर निराळी, त्यात मेयोनीज नाही. गरम बटाट्याच्या चकत्यांवर गरम भाज्यांचं पाणी, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, कांदा. बटाटा गरम असतानाच ओतायचं, नाहीतर आत मुरत नाही. राय नावाच्या धान्याची काळी पावाची लादी तिने आणली होती. मी गप्प बसले नाही अर्थातच, भरताची वांगी घेऊन आले होते बाजारातून. थंडीत जळगावात राहून कोणी भरीत न करता पाहुणी परत पाठवतं का? तुरीच्या काड्यांवर भाजायला अंगण नाही, गॅसवर भाजली, पण लाकडी मुसळीने ठेचली. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, पात. काळ्या पावावर भरीत. खाऊन बघा एकदा.

बिअर ओतायचीही रीत. उंच ग्लास आधी पाण्याने ओला करायचा, तिरपा धरायचा, हळूहळू धार. तळाशी दोन बोटं उरली की थांबायचं, बाटली गोल फिरवायची, खाली बसलेलं यीस्ट उठलं की मग ते वरून ओतायचं. धुकट सोनेरी रंग येतो. हे ती इतक्या मन लावून करत होती की मी नुसती तिच्या हातांकडे बघत होते. मनगटाला पट्टा बांधलेला होता. माणसं उचलून उचलून दुखतं म्हणाली.

मग ग्लास वर केला आणि म्हणाली, "प्रोस्ट म्हणताना डोळ्यांत बघायचं असतं. तिकडे नाही बघितलं तर अपमान वाटतो." आम्ही बघितलं. शाळेनंतर आम्ही एकमेकींकडे इतकं सरळ कधी बघितलं होतं कोणास ठाऊक. तिनेच आधी नजर काढली.

पहिला तासभर ती नुसती माहिती सांगत होती. 1516 साली बव्हेरियाच्या ड्यूकने नियम केला की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. गहू त्यात नव्हताच, आणि मग गव्हाची बिअर करायचा हक्क राजघराण्याने पुढे स्वतःकडेच ठेवला, वगैरे. 1812 सालची गोष्टही सांगितली. म्युनिकला बिअरवाले आपल्या तळघरांवर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावायचे आणि तिथेच लोकांना बसवून बिअर विकायचे. शहरातल्या खानावळवाल्यांनी तक्रार केली. राजाने तोडगा काढला, बिअर विका, पण पावाशिवाय खायला काही द्यायचं नाही. म्हणून लोक आपापला डबा घेऊन जायला लागले आणि आजही जुन्या बिअर गार्डनमध्ये पेय तिथलं घ्यायचं, जेवण घरचं चालतं. ही मैत्रीण तिथे चेस्टनटच्या झाडाखाली ठेचा आणि भाकरी घेऊन बसते. शेजारच्या टेबलावर आजी, नातवंडं, कुत्रा, सगळे. कोणी बघत नाही. म्हाताऱ्या बायका, एकट्या, समोर ग्लास, हातात विणकाम. कोणाच्या नवऱ्याला फोन जात नाही.

मी ऐकत होते. मला कळत होतं की हे ती मला सांगत नाहीये, हे ती वेळ काढतेय. मी मध्ये तोंड घातलं नाही. घाई कशाची होती? स्वयंपाक झालेला होता. यांना मी आधीच वाढून वर पाठवलं होतं. दाराची कडी लावलेली होती. बाईच्या जन्मात अशी वेळ किती वेळा येते की समोर मैत्रीण आहे, आणि मध्येच उठून कोणाला चहा द्यायचा नाही, कुकर लावायचा नाही, "अंधार पडला, निघते" म्हणायचं नाही?

दुसरी बाटली उघडली तेव्हा ती आईवर आली. कसं आली ते सांगते. कोबीची बरणी पुढे ओढली, आत चमचा घातला आणि म्हणाली, "ही बरणी ती कैरीच्या लोणच्याची ठेवायची." आणि थांबली. आणि मग जे सुरू झालं ते मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच होतं.

आई व्हिडिओ कॉल करायची तेव्हा फोन असा धरायची की फक्त कपाळ दिसायचं आणि वर फिरणारा पंखा. रोज सांगायची, माय, खाली धर, तुझं तोंड दिसू दे. दोन मिनिटं धरायची की परत पंखा. म्हणाली, "मी इतकी वर्षं मायचं कपाळ आणि तो पंखा बघितला. आता गेले तर पंखा तसाच फिरत होता." शेवटचं बोलणं काय झालं? "तठे थंडी शे का? जेवनी का?" बस. मुलीने हो म्हटलं, घाईत होते, नंतर करते म्हटलं. त्या रात्री ती ज्या आजीला भरवत होती ती आजी जर्मनमध्ये तिला सारखी विचारत होती, तू जेवलीस का. तिला स्मृतिभ्रंश आहे, ती सगळ्यांना तेच विचारते. ही म्हणाली, "मी तिला सूप भरवत होते, आणि त्याच वेळी इकडे…" पुढे तिला बोलता आलं नाही. मग आपल्या बोलीत म्हणाली, "मी मन्ही मायनं तोंडबी दखं नही व." एवढे दिवस त्या घरात ती रडली नव्हती. त्या रात्री माझ्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून, ग्लास बाजूला सारून ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

आणि मग आम्ही हसलोही. हे लिहू का नको असं झालं होतं, लिहिते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माय झोक्यावर बसून गाणी म्हणायची आणि मध्येच एखाद्या सासूच्या नावाने ओळ घुसवायची, ते आठवून आम्ही इतक्या हसलो की हे वरून खाली बघायला आले. खापरावरचे मांडे करताना ती हातावर पुरणाची पोळी कोपरापर्यंत फिरवायची आणि आम्हाला म्हणायची, बाजूला व्हा, मी विमान उडवते. ती पोरगी पुढे खरंच विमानात बसली तेव्हा माय स्टेशनच्या पुढे कधी आली नाही.

ती म्हणाली, तिकडे अंत्यविधी झाला की सगळे एखाद्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खानावळीत, बसतात, जेवतात, कॉफी-केक असतो, बिअर असते, आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगतात. हसणाऱ्याला कोणी वाईट म्हणत नाही. तिच्या वृद्धाश्रमातलं कोणी गेलं की ती बऱ्याचदा जाऊन बसते. "परक्या आज्यांसाठी मी बसले, मग मायसाठी नको बसू?" मला काय उत्तर देता येणार होतं याला?

तिकडे सगळं छान आहे असं ती स्वतःही म्हणत नाही. बिअरने लिव्हर गेलेली माणसं तिने उचलली आहेत, आणि वर्षभर कोणी भेटायला न आलेल्या आयाही. आपल्याकडे शंभर माणसं दारावर येतात, हे तिला हवंच होतं. ती त्यासाठीच तर धावत आली. रीत रीतीच्या जागी असते, तेवढं मी मानते.

पण शंभर माणसांत ज्याला आपल्या आईबद्दल एक वाक्य बोलता आलं नाही, त्याने कुठे बोलायचं? पुरुषांना खळं आहे, पानटपरी आहे, हायवेवरचा ढाबा आहे, मित्राची गाडी आहे. माझ्या वयाच्या बाईला कोणती जागा आहे हो? देवळातलं कीर्तन, लग्नाचा मांडव आणि दवाखान्याची बाकं. तिथे कोणी मनातलं बोलू शकतं का? माझी स्वतःची आई गेली तेव्हा मी तेराव्या दिवशी दोनशे लोकांना वाढत होते. माझ्याशी कोणी बसलं नाही, आणि मी ते आजपर्यंत कोणाला बोललेही नाही. त्या रात्री तिला बोलले.

काका, तुम्ही हे वाचाल, कोणीतरी वाचून दाखवेल. तुमच्याबद्दल आदर आहे. तुम्ही मायच्या दहाव्याला सकाळपासून नदीवर उभे होतात, मी पाहिलंय. पण तुम्हाला जे कळलं ते चार बाटल्यांचं कळलं. पाच तासांत दोन बायकांनी मिळून दोन लिटर बिअर घेतली, आणि त्यातला शेवटचा ग्लास तर तसाच राहिला. मला विचारलं असतंत तर मी हे सगळं सांगितलं असतं. आणि आमच्या यांनीही "बरं काका" म्हणायला नको होतं. मी त्यांना तसं सांगितलंय. वर बसून त्यांनी रात्रभर तिचं रडणं ऐकलं होतं, मग तिथल्या तिथे बोलायला काय झालं होतं? ते म्हणाले, मोठ्यांच्या तोंडी लागायचं नसतं. मग माझ्याही तोंडी लागू नका आज, म्हटलं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ती परवा पोहोचली. मेसेज आला, तिकडे बर्फ पडतंय, आणि उद्यापासून ड्युटी. बरणी माझ्याकडे ठेवून गेलीये, पुढच्या उन्हाळ्यात त्यात कैरीचं लोणचं घालून ठेव म्हणाली, आईच्या पद्धतीचं, मोहरीची डाळ जास्त आणि गूळ अजिबात नाही.

वर्षश्राद्धाला ती येणार आहे. शाळेतल्या ज्या ज्या जणी हे वाचताय, जिने जिने त्या लिंबाखाली मायच्या हातचं खाल्लंय, त्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवते. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या घरी यायचं. बिअर घेणारीने घ्यावी, न घेणारीला ताक आहे. म्युनिकसारखा आपापला डबा आणा, आणि मायची एक तरी गोष्ट आठवून या. भरीत मी करीन, श्पेट्झले तीच करेल. धुळे-नंदुरबारकडच्यांनी राहायच्या तयारीने या, शेवटची बस पकडायची घाई कोणी करायची नाही. अंथरुणं आहेत घरात.